अणूची वर्तुळाकार आकृती : उपमेकडून रूपकाकडे – एक चिकित्सक अभ्यास

बीजशब्द : अणू, इलेक्ट्रॉन, प्रारूप, कवच, उपमा, रूपक, विज्ञान-अध्यापन

१. प्रस्तावना

विज्ञानाच्या अध्यापनात आकृतीला अनन्यसाधारण महत्त्व आहे. हृदय, फूल, विद्युतमंडल यांच्या आकृत्या विद्यार्थी शालेय वयात शिकतात आणि पुढे विसरूनही जातात. मात्र एक आकृती सहसा विसरली जात नाही. मध्यभागी एक लहान वर्तुळ, त्यात प्रोटॉन व न्यूट्रॉन यांचे आकडे, भोवती दोन-तीन समकेंद्री वर्तुळे आणि त्या वर्तुळांवर मोजून ठेवलेले ठिपके. ही अणूची आकृती कलाशाखेचा पदवीधरही वयाच्या पन्नाशीत काढून दाखवू शकतो. इतक्या सर्वत्र पोहोचलेल्या आकृतीची चिकित्सा मात्र क्वचितच होते. साहित्यकृतीची समीक्षा करताना आपण प्रतिमेचा उगम, तिचा विस्तार आणि तिच्या मर्यादा तपासतो. तीच दृष्टी या आकृतीला लावून पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

या प्रयत्नास एक प्रसंग कारणीभूत ठरला. काही वर्षांपूर्वी विज्ञान शाखेच्या प्रथम वर्षाच्या वर्गात प्रस्तुत लेखक ऑक्सिजन अणूची आकृती फळ्यावर काढत होता. मराठी माध्यमातून आलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ही वर्तुळाची रेघ कशाची असते?” ती काल्पनिक असते, लिहून घ्या, असे उत्तर दिले गेले. त्यावर तिने विचारले, “मग इलेक्ट्रॉनही काल्पनिकच का?” तेवढ्यात तास संपला. पुढच्या तासाला अभ्यासक्रमाचा पुढचा घटक सुरू झाला आणि प्रश्न तसाच राहिला. परीक्षेत तिने आकृती बिनचूक काढली आणि तिला पूर्ण गुण मिळाले. पूर्ण गुण आणि अनुत्तरित प्रश्न एकाच वेळी शक्य होतात, यात आपल्या अध्यापनाची एक उणीव दडलेली आहे असे वाटते. ती उणीव नेमकी कोणती, हा या लेखाचा विषय आहे.

२. आकृतीची पूर्वपीठिका

अणूचे चित्र काढण्याची परंपरा आधुनिक रसायनशास्त्राइतकीच जुनी आहे. जॉन डाल्टनने १८०८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रत्येक मूलद्रव्यासाठी एक वर्तुळ योजले. ऑक्सिजनसाठी रिकामे वर्तुळ, हायड्रोजनसाठी मध्ये ठिपका असलेले वर्तुळ, कार्बनसाठी काळे भरलेले वर्तुळ. ही वर्तुळे खुणा होत्या. तरीही त्या खुणांच्या साहाय्याने डाल्टनने पाण्याचे चित्र काढले, त्यात हायड्रोजनचे एकच वर्तुळ ऑक्सिजनच्या एका वर्तुळाला चिकटलेले होते. आज आपण जाणतो की हे प्रमाण चुकीचे आहे. चित्र नेटके असले म्हणजे ते खरे असतेच असे नाही, हा धडा या परंपरेच्या आरंभीच मिळालेला आहे.

१८९७ साली जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचा शोध लावला. १९०४ साली त्यांनी मांडलेल्या प्रारूपात धनप्रभारित गोलात इलेक्ट्रॉन कड्यांच्या रूपात मांडलेले होते. या प्रारूपाला पुढे ‘प्लम पुडिंग’ हे नाव पडले, परंतु ते थॉमसन यांनी दिलेले नाही. आपल्याकडील पाठ्यपुस्तकांनी त्यासाठी कलिंगडाची उपमा योजली. लाल गर म्हणजे धनप्रभार आणि बिया म्हणजे इलेक्ट्रॉन. उपमा आपल्या मातीतील असल्याने पटकन पटते, पण कलिंगडातील बियांना कड्यांची गणिती शिस्त नसते. थॉमसन यांचा सारा खटाटोप त्या शिस्तीसाठी होता, कारण कड्यांच्या रचनेवरून त्यांना मूलद्रव्यांच्या गुणधर्मांतील आवर्तन समजावून घ्यायचे होते. उपमा रुजली आणि तिचा साधारणधर्म हरवला.

१९०४ सालीच जपानमधील हान्तारो नागाओका यांनी शनीच्या कड्यांसारखे प्रारूप सुचविले होते. १९०९ साली गायगर व मार्सडेन यांनी धातूच्या पातळ पत्र्यावर आल्फा कणांचा मारा केला आणि काही कण मागे उसळलेले पाहिले. त्यावरून रदरफोर्ड यांनी १९११ साली अणूच्या मध्यभागी प्रभार एकवटलेला असल्याचे प्रतिपादन केले. पण भोवती फिरणारा इलेक्ट्रॉन तत्कालीन विद्युतसिद्धांतानुसार सतत ऊर्जा गमावून सेकंदाच्या अब्जांश भागापेक्षाही कमी काळात केंद्रकात कोसळायला हवा होता. नील्स बोर यांनी १९१३ साली यावर तोडगा काढला. ठरावीक स्थिर अवस्थांत इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत नाही. त्या अवस्थांतील गती नेहमीच्या यामिकीने समजून घेता येते, मात्र एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाण्याला ती यामिकी लागू पडत नाही, असे त्यांनी गृहीत धरले. हायड्रोजनच्या वर्णपटातील ६५६ नॅनोमीटरची तांबडी रेषा या गृहीतकातून गणिताने निघाली. हे यश मोठे होते. परंतु बोर यांनी सूर्यमालेचे सादृश्य जेथवर चालेल तेथवरच वापरले आणि ते कोठे थांबते हेही त्याच मांडणीत सांगितले, ही बाब येथे लक्षात घ्यावयास हवी.

३. कोणाचीच नसलेली आकृती

बालभारतीने २०१८ साली प्रकाशित केलेल्या इयत्ता आठवीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकात ‘अणूचे अंतरंग’ हा पाठ आहे. डाल्टन, थॉमसन, रदरफोर्ड, बोर असा प्रवास त्यात विद्यार्थ्याला घडतो. हा क्रम योग्यच आहे. मात्र या प्रवासाच्या अखेरीस विद्यार्थी जी आकृती काढू लागतो, ती बोर यांची आहे असे समजले जाते. ही समजूत तपासून पाहिली पाहिजे.

ऑक्सिजनचेच उदाहरण घेऊ. आपण पहिल्या वर्तुळावर २ आणि दुसऱ्यावर ६ इलेक्ट्रॉन काढतो. बोर यांनी १९१३ च्या लेखमालेत निरनिराळ्या अणूंतील इलेक्ट्रॉनांची कड्यांमधील वाटणी सुचविली होती, तीत ऑक्सिजनसाठी ४, २, २ आणि नायट्रोजनसाठी ४, ३ अशी मांडणी होती. म्हणजे ज्या आकृतीखाली आपण बोर यांचे नाव लिहितो, ती आकृती बोर यांच्या त्या मूळ मांडणीत नाही. २, ६ ही वाटणी पुढच्या दशकभरात अनेकांच्या कामातून सिद्ध झाली.

के, एल, एम ही कवचांची नावेही बोर यांची नाहीत. ती चार्ल्स बार्क्ला यांच्या क्ष-किरणांवरील प्रयोगांतून आली. या मालिकेच्या आधीही काही किरण सापडतील या शक्यतेने त्यांनी मुळाक्षरांच्या मध्यापासून सुरुवात केली. विद्यार्थी ‘ए पासून का नाही?’ असे विचारतात तेव्हा आपण सहसा उत्तर देत नाही. वास्तविक या प्रश्नाच्या उत्तरात संशोधकाच्या सावधगिरीची एक सुंदर कथा आहे.

ठिपक्यांच्या जोड्या तर तिसऱ्याच घराण्यातील आहेत. गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ साली इलेक्ट्रॉनांच्या जोडीतून रासायनिक बंध तयार होतो ही कल्पना मांडली. त्यांचा अणू घनाकृती होता आणि त्यातील इलेक्ट्रॉन घनाच्या कोपऱ्यांवर स्वस्थ बसलेले होते. बोर यांचे इलेक्ट्रॉन फिरते, लुईस यांचे स्थिर. आपली शालेय आकृती लुईस यांच्या बसलेल्या जोड्या उचलून बोर यांच्या फिरत्या वर्तुळांवर ठेवते. फिरणाऱ्या गोष्टी पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण अशा चार दिशांना जोडीने उभ्या कशा राहतील, असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने विचारला तर चूक त्याची नसून आकृतीची आहे. थोडक्यात, ही आकृती म्हणजे निरनिराळ्या सिद्धांतांच्या तुकड्यांची गोधडी आहे. गोधडी ऊब देते याबद्दल दुमत नाही, पण ते एकसंध वस्त्र आहे असे सांगणे योग्य नव्हे.

४. आकृतीचे सामर्थ्य

समीक्षकाने दोषाआधी गुण पाहावा. ही आकृती शतकभर टिकली त्याला कारण आहे. पहिल्या २० मूलद्रव्यांपर्यंत ती इलेक्ट्रॉनांचा चोख हिशेब ठेवते. सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो आणि क्लोरीन एक घेतो, ऑक्सिजनची संयुजा २ असते, निऑन कोणाशी सहजासहजी संयोग पावत नाही. ही सारी विधाने शेवटच्या वर्तुळावरील ठिपके मोजून करता येतात. आठवीतील विद्यार्थ्याला तरंगफलाचे गणित येत नसतानाही तो मिठाचे सूत्र स्वतः शोधू शकतो. ही शक्ती सामान्य नाही.

हे सामर्थ्य हिशेबाच्या वहीचे आहे. व्यापाऱ्याच्या वहीत जमा आणि खर्च असे दोन रकाने असतात आणि त्यांच्यामध्ये एक उभी रेघ असते. त्या रेघेवरून पैसे चालत जातात असे कोणी मानत नाही. अणूच्या आकृतीतील वर्तुळेही अशाच रकान्यांच्या रेघा आहेत. पहिला रकाना २ चा, दुसरा ८ चा. वही म्हणून ती वाचली तर फसवत नाही, पण तिलाच दुकानाचे छायाचित्र मानले की अडचण सुरू होते.

५. आकृती काय लपविते

पहिली अडचण प्रमाणाची. प्रोटॉनची त्रिज्या सुमारे ०.८४ फेम्टोमीटर, तर हायड्रोजनमधील बोर त्रिज्या सुमारे ५३ पिकोमीटर आहे. हे गुणोत्तर साधारण १ : ६३,००० भरते. फळ्यावर १ मिलिमीटर त्रिज्येचा ठिपका म्हणजे केंद्रक मानले, तर इलेक्ट्रॉनचे वर्तुळ ६३ मीटरवर, म्हणजे वर्गाच्या भिंतीपलीकडे मैदानात काढावे लागेल. अणूचा बहुतांश भाग रिकामा आहे हा रदरफोर्ड यांच्या प्रयोगाचा गाभा आकृतीत नेमका नाहीसा होतो.

दुसरी अडचण वर्तुळांमधील अंतराची. विद्यार्थी कंपासने समान अंतरावर वर्तुळे काढतो. बोर यांच्याच सूत्रानुसार हायड्रोजनच्या कक्षांच्या त्रिज्या १, ४, ९ अशा वर्गाच्या प्रमाणात वाढतात, म्हणजे वर्तुळे दूरदूर जायला हवीत. ती वर्तुळे ऊर्जापातळ्या दाखवितात असे म्हटले, तर ऊर्जा −१३.६, −३.४, −१.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट अशी असल्याने ती जवळजवळ यायला हवीत. समान अंतर दोन्ही अर्थांनी चुकीचे ठरते.

तिसरी अडचण आकाराची. लिथियम आणि ऑक्सिजन या दोघांच्या आकृतीत दोनच वर्तुळे असतात आणि विद्यार्थी ती सारख्याच मापाची काढतो. पुढे दहावीत आवर्तसारणी शिकताना त्याला कळते की लिथियमची अणुत्रिज्या १५२ पिकोमीटर आणि ऑक्सिजनची ६६ पिकोमीटर आहे. केंद्रकावरील प्रभार वाढला की इलेक्ट्रॉन आत ओढले जातात. हे कारण पाठ केले जाते, पण डोळ्यांपुढची आकृती त्याला साथ देत नाही.

चौथी अडचण मितीची. कार्बनचे चार इलेक्ट्रॉन कागदावर ९० अंशांच्या अंतराने बसतात. त्यामुळे मिथेनचा रेणू सपाट चौकोनासारखा आहे असे मनात ठसते. व्हांट हॉफ आणि ले बेल यांनी १८७४ सालीच कार्बनचे बंध चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे वळलेले असल्याचे प्रतिपादन केले होते. मिथेनमधील हा कोन सुमारे १०९.५ अंशांचा आहे. म्हणजे या एका बाबतीत आपली आकृती इलेक्ट्रॉनच्या शोधापूर्वीच्या ज्ञानाच्याही मागे आहे.

पाचवी अडचण पोटॅशियमपाशी येते. एम कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात असे सांगून झाल्यावर १९ इलेक्ट्रॉनांच्या पोटॅशियमचे संरूपण २, ८, ८, १ असे लिहिले जाते. आत जागा असताना शेवटचा इलेक्ट्रॉन बाहेर का गेला? एम कवचातील उरलेल्या जागांपेक्षा एन कवचातील पहिल्या जागेची ऊर्जा येथे कमी असते, हे त्याचे उत्तर. परंतु बाहेरचे वर्तुळ म्हणजे अधिक ऊर्जा, असे आकृतीने आधीच सांगून ठेवलेले असल्याने हे उत्तर तिच्यात मावतच नाही. कॅल्शियमनंतर आपण आकृती काढणे का थांबवितो, याचे रहस्य येथे आहे.

शेवटची अडचण गतीची. ‘इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती फिरतो’ हे वाक्य आपण निःशंकपणे उच्चारतो. श्रोडिंगर यांचे १९२६ चे समीकरण आणि त्याच वर्षी बॉर्न यांनी त्याचा लावलेला संभाव्यतेचा अर्थ यांनुसार हायड्रोजनच्या न्यूनतम ऊर्जेच्या अवस्थेत इलेक्ट्रॉनचा कक्षीय कोनीय संवेग शून्य असतो. ग्रह फिरतो त्या अर्थाने तेथे फिरणेच नाही. बोर त्रिज्या मात्र पूर्णपणे निकालात निघत नाही. इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता ज्या अंतरावर सर्वाधिक, ते अंतर म्हणून ती नव्या सिद्धांतातही टिकून राहते. जुनी आकृती पूर्ण खोटी नाही आणि पूर्ण खरीही नाही, असे म्हणावे लागते.

६. उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक

या साऱ्या अडचणींचे मूळ शोधण्यासाठी अलंकारशास्त्राचा आधार उपयुक्त ठरतो. उपमेची चार अंगे आपण शालेय व्याकरणात शिकतो : उपमेय, उपमान, साधारणधर्म आणि साम्यवाचक शब्द. ‘अणू सूर्यमालेसारखा आहे’ ही उपमा झाली. ‘अणू म्हणजे जणू सूर्यमालाच’ ही उत्प्रेक्षा. ‘अणू ही एक सूर्यमालाच आहे’ म्हटले की रूपक झाले, उपमेय आणि उपमान यांतील भेद संपला. बोर यांच्या १९१३ च्या लेखमालेत उपमा होती, कारण साम्य कोठे संपते हे तेथे सांगितलेले होते. लोकप्रिय विज्ञानलेखनात तिची उत्प्रेक्षा झाली. फळ्यावर येईपर्यंत रूपक झाले. वाटेत साम्यवाचक शब्द गळून पडला आणि आकृतीला तर तो शब्द धारण करण्यासाठी जागाच नसते. रेषा ‘सारखे’ म्हणू शकत नाही. ते शिक्षकाने म्हणावे लागते.

मराठी परिभाषेचाही यात वाटा आहे. ‘कक्षा’ हा शब्द ग्रहगणितातून आलेला असल्याने तो उच्चारताच ग्रह डोळ्यांपुढे येतो. ‘कवच’ म्हटले की कठीण आवरण आठवते, जणू इलेक्ट्रॉन एखाद्या करवंटीच्या आतल्या बाजूस चिकटले आहेत. कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञानाचे माध्यम बहुतांशी इंग्रजी होते आणि तेथे ‘ऑर्बिटल’ हा शब्द येतो. तो ‘ऑर्बिट’चाच भाऊ वाटल्याने नवी संकल्पना जुन्या वर्तुळातच कोंबली जाते. शब्द बदलणे हा यावरील उपाय नाही, शब्दामागील चित्राची मर्यादा प्रत्येक टप्प्यावर बोलून दाखविणे हा आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक वाटते. वर्तुळाऐवजी इलेक्ट्रॉनचा ‘ढग’ काढला की प्रश्न सुटतो असे नाही. हार्वी व्हाइट यांनी १९३१ साली यांत्रिक साधनाच्या मदतीने अशा ढगांची छायाचित्रे तयार केली आणि ती पुढील पाठ्यपुस्तकांची प्रेरणा ठरली. २०१३ साली हायड्रोजन अणूतील तरंगफलाची अंतर्गत रचना प्रयोगाने नोंदविली गेली. परंतु ती प्रतिमाही असंख्य नोंदी एकत्र करून मिळालेली होती. इलेक्ट्रॉन वाफेसारखा पसरलेला आहे असे मानणे म्हणजे जुन्या रूपकाच्या जागी नवे रूपक बसविणे होय.

ऑक्सिजनचा रेणू याची साक्ष देतो. ठिपक्यांच्या आकृतीत त्याचे सर्व इलेक्ट्रॉन जोडीने बसलेले दिसतात. प्रत्यक्षात द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाच्या ध्रुवांमध्ये अडकून राहतो, कारण त्यात दोन इलेक्ट्रॉन अयुग्मित आहेत. लेनार्ड-जोन्स यांनी १९२९ साली रेणवीय ऑर्बिटलच्या साहाय्याने याचे स्पष्टीकरण दिले. ठिपक्यांची आकृती बंध मोजण्यास उत्तम आहे, चुंबकत्व विचारले की ती निरुत्तर होते. आकृती कोणत्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी काढली आहे, हे ठरल्याशिवाय ती बरोबर की चूक हे ठरत नाही.

७. अध्यापनाच्या दृष्टीने काही सूचना

वरील विवेचनाच्या आधारे पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१) वर्तुळाकार आकृती वगळू नये. परंतु तिच्याखाली ‘हा इलेक्ट्रॉनांचा हिशेब आहे, अणूचे चित्र नव्हे’ असे एक वाक्य विद्यार्थ्याकडून लिहून घ्यावे.

२) एकाच अणूच्या तीन आकृत्या शेजारी काढाव्यात : मोजणीसाठी वर्तुळे, बंधासाठी ठिपके, स्थानाच्या शक्यतेसाठी ढग. प्रत्येकीपुढे ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे लिहावे.

३) अणूचे प्रमाण एकदा तरी मैदानात चालून दाखवावे. ६३ मीटर चालून गेलेला विद्यार्थी अणूतील पोकळी सहसा विसरणार नाही.

४) मूल्यमापनात आकृतीला गुण देताना तिची एक मर्यादा लिहिण्यासाठीही एक गुण राखून ठेवावा. जे विचारले जाते तेच शिकले जाते, हे आपण सारे अनुभवाने जाणतो.

८. समारोप

त्या विद्यार्थिनीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे देता आली असती. वर्तुळाची रेघ कशाचीच नसते, ती मोजणीच्या सोयीसाठी आपण ओढलेली रकान्याची रेघ आहे. इलेक्ट्रॉन मात्र काल्पनिक नाही. त्याच्या प्रभाराचे आणि वस्तुमानाचे गुणोत्तर थॉमसन यांनी १८९७ साली मोजले आणि त्याचा प्रभार मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांवरील प्रयोगांतून निश्चित केला. आकृतीतील कोणती गोष्ट प्रयोगाने हाती लागलेली आहे आणि कोणती आपण सोयीसाठी काढलेली आहे, हा भेद ओळखणे हीच विज्ञानाची दृष्टी होय. त्या दोन प्रश्नांत ती दृष्टी होती. फळ्यावरील बिनचूक आकृतीत ती नव्हती.

ही आकृती यापुढेही काढली जाईल आणि काढली जावी. तिच्यातून गळालेला साम्यवाचक शब्द तिला परत मिळवून देणे एवढेच अध्यापकाच्या हाती आहे. त्यासाठी नवी साधने, नवा निधी वा नवा अभ्यासक्रम लागत नाही. खडू खाली ठेवण्यापूर्वी ‘यासारखे, पण हे नव्हे’ एवढे म्हणावे लागते, आणि वर्गातून प्रश्न आला तर तास संपल्याची घंटा होऊनही दोन मिनिटे थांबावे लागते.